सोल्डर पेस्ट : खिळे नव्हेत, बांगडे!

एक प्रयोग करून बघा. रत्नागिरीत इलेक्ट्रिक सामानाच्या एखाद्या दुकानात जा आणि म्हणा, “काका, सोल्डर पेस्ट द्या.” बहुतेक काका मान वर न करता खणातून एक चपटी डबी काढतील आणि काउंटरवर ठेवतील. आत पिवळट-तपकिरी, मेणासारखं काहीतरी. दहा-वीस रुपयांत काम झालं म्हणून तुम्ही खूश.

सेकंड इयरला मीही असाच खूश झालो होतो. रूमवर आलो, बोर्डाच्या पॅडवर ते मेण चोपडलं, चिमट्याने एकेक रेझिस्टर वर बसवला आणि सीनियरकडून मागून आणलेली हॉट एअर गन चालू केली. धूर झाला, वास सुटला, आणि रेझिस्टर वाऱ्याबरोबर उडून कॉटखाली गेले. एकही चिकटला नाही. रूममेट म्हणाला, “चल, झाडू आण.”

चूक काकांची नव्हती. आपल्याकडे दुकानात ‘सोल्डरिंग पेस्ट’ म्हणजे फ्लक्स. त्यात धातूचा कणही नसतो. घरी आजीला विचारा, तिला कल्हईवाला आठवत असेल. तो भांडं तापवायचा, नवसागराची पूड टाकायचा आणि मग कथील फिरवायचा. नवसागराचं काम भांड्यावरचा ऑक्साइडचा थर काढायचं, आणि भांड्याला चिकटायचं ते कथलाने. म्हणजे काकांनी मला नवसागर दिला होता आणि मी कथील लागायची वाट बघत बसलो होतो! त्यातही नळजोडणीसाठी मिळणाऱ्या फ्लक्समध्ये झिंक क्लोराइडसारखी तीव्र द्रव्यं असतात. ती इलेक्ट्रॉनिक बोर्डावर लावली तर काही दिवसांनी तांब्यावर हिरवी बुरशी आल्यासारखी दिसते. तेव्हा ते तर मुळीच नको.

खरी सोल्डर पेस्ट राखाडी लोण्यासारखी दिसते. सोल्डरच्या अतिबारीक गोळ्या फ्लक्समध्ये कालवलेल्या असतात. वजनाने जवळजवळ नव्वद टक्के धातू, पण आकारमानाने निम्मा फ्लक्सच. हा हिशेब लक्षात ठेवा, कारण माझं सगळं म्हणणं त्या निम्म्या फ्लक्सवर उभं आहे. धातू वर्षानुवर्षं टिकतो. फ्लक्स टिकत नाही. तो वाळतो, त्यातली द्रव्यं धातूच्या पुडीवर डब्यातच काम करायला लागतात, आणि वापरायच्या दिवशी त्याच्यात जोर उरत नाही. म्हणून माझं स्पष्ट मत असं की सोल्डर पेस्ट खिळ्यांसारखी किलोवर घ्यायची वस्तू नाही. ती मिरकरवाड्याच्या बांगड्यासारखी घ्यायची, ताजी आणि लागेल तेवढीच.

हे शहाणपण मला फुकट मिळालेलं नाही. ते कसं मिळालं ते सांगतो.

गेल्या वर्षी मिनी प्रोजेक्टसाठी आमच्या ग्रुपने सेन्सरचा एक बोर्ड बनवायला घेतला. त्यातल्या एका आयसीचे पॅड पोटाखाली होते, म्हणजे सोल्डरिंग आयर्नचं टोक तिथे पोचणारच नव्हतं. पेस्ट हवीच होती. मी मुंबईला मामाकडे निघालो होतो, म्हटलं मी आणतो. ग्रँट रोड स्टेशनला उतरून लॅमिंग्टन रोड गाठला. पाटीवर डॉ. भडकमकर मार्ग असं लिहिलेलं असलं तरी इलेक्ट्रॉनिक्सवाला माणूस लॅमिंग्टन रोडच म्हणतो. पुण्यातल्या मुलांना पासोड्या विठोबाजवळच्या गल्ल्या, तसा आपल्याला हा रस्ता. एका दुकानात छोटी सिरिंजही होती आणि पाचशे ग्रॅमची बरणीही. सिरिंजच्या कितीतरी पट माल, आणि किंमत जेमतेम तिप्पट. इंजिनिअरिंगचा विद्यार्थी अशा वेळी काय करतो? ग्रॅममागे भाव काढतो. मी काढला आणि बरणी उचलली. तारखेचं लेबल अर्धं खरवडलेलं होतं, ते मी पाहिलं आणि विचारलं काहीच नाही.

आता तेव्हा न केलेला हिशेब करू. ०८०५ आकाराच्या रेझिस्टरचा एक पॅड साधारण दोन चौरस मिलिमीटर. स्टेन्सिलची जाडी ०.१२ मिलिमीटर धरली तर पेस्ट लागते सुमारे पाव घन मिलिमीटर. वजन भरतं साधारण एक मिलिग्रॅम. आमच्या बोर्डावर दीडशे पॅड होते, म्हणजे ०.१५ ग्रॅम. सांडलवंड धरून दुप्पट करा, ०.३ ग्रॅम. पाचशे ग्रॅमची बरणी संपवायला मला दीड हजारांहून जास्त बोर्ड करावे लागले असते. आम्ही केले तीन. ग्रॅममागे स्वस्त पडलेला माल बोर्डामागे किती महाग पडला, हे वेगळं सांगायला नको.

बरं, आणली ती आणली. बहुतेक पेस्ट शून्य ते दहा अंश सेल्सिअसला ठेवायची असते. फ्रीझरमध्ये नाही, फ्रिजमध्ये. न उघडता अशी ठेवली तर साधारण सहा महिने टिकते, काही बारा महिने. हॉस्टेलला फ्रिज एकच, मेसचा. बरणी वर्तमानपत्रात गुंडाळून दह्याच्या पातेल्याशेजारी सरकवून दिली.

मग आला जुलै. आपल्याकडचा जुलै म्हणजे काय ते सांगायला नको. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडणाऱ्या गावात भिंतीसुद्धा घामेजलेल्या असतात. सबमिशनच्या आदल्या रात्री बरणी फ्रिजमधून काढली आणि तशीच थंडगार उघडली. थंड पाण्याच्या बाटलीला बाहेर काढल्यावर घाम फुटतो ना, तसा पेस्टलाही फुटतो. ते पाणी फ्लक्समध्ये मुरलं आणि तापवताना तडतडलं. बोर्डभर साबुदाण्याच्या पिल्लांसारख्या चकचकीत गोळ्या पसरल्या. त्यातली एक नेमकी आयसीच्या दोन पायांमध्ये बसली. सकाळी प्रेझेंटेशनला बोर्ड मुका. सरांनी विचारलं, “सर्किट तपासलं होतं का?” तपासलं होतं, सर. सर्किट बरोबर होतं. बांगडा शिळा होता आणि शिजवणाराही नवशिका होता.

बरणी बाहेर काढल्यावर झाकण न उघडता चार तास तशीच ठेवायची असते, छोट्या सिरिंजला तास-दोन तास पुरतात. घाई म्हणून हॉट एअर मारायची नाही. हे मला त्या रात्री ठाऊक नव्हतं.

पण खरा धडा वेगळाच आहे आणि तो मला मेसच्या मावशींनी शिकवला.

एके दुपारी त्यांनी मला हाक मारली. “काय रे बाळा, ही बरणी तुझीच ना? दह्याच्या बाजूला काय ठेवलंयस हे?”

मी ऐटीत म्हटलं, “मावशी, तिला हात लावू नका हं. शिसं आहे त्यात.”

“शिसं? मग माझ्या फ्रिजात कशाला?”

माझ्याकडे उत्तर नव्हतं. दुसऱ्या दिवशी बरणी मागच्या दारी पायरीवर होती. दोन दिवस मी मावशींवर फुगून होतो. मग पेस्टबरोबरचं सुरक्षिततेचं माहितीपत्रक काढून वाचलं आणि लाज वाटली. शिशाची सुरक्षित अशी कुठलीही पातळी ठाऊक नाही, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, आणि सगळ्यात जास्त धोका लहान मुलांना. मावशींचा नातू शाळा सुटल्यावर त्याच स्वयंपाकघरात ओट्याखाली अभ्यासाला बसतो. फ्रिजमधून पाण्याची बाटली तोच काढतो. मी मात्र ‘हात लावू नका’ म्हणून मोकळा झालो होतो!

आपल्यात एक गैरसमज आहे की सोल्डरिंगच्या धुरातून शिसं अंगात जातं. आपण वापरतो त्या तापमानाला शिशाची वाफ जवळजवळ होतच नाही. धूर असतो फ्लक्सचा. तोही वाईटच, दमा असलेल्याला तर फारच, म्हणून खिडकी उघडी आणि पंखा हवा. पण शिसं जातं ते हातातून तोंडात. त्यात तारेच्या सोल्डरपेक्षा पेस्ट जास्त वाईट, कारण ती लोण्यासारखी माखते. बोटाला, मोबाईलला, दाराच्या कडीला, आणि मग वडापावाला. हातमोजे घालावेत, काम झाल्यावर साबणाने हात धुवावेत, आणि ज्या टेबलावर पेस्ट त्या टेबलावर चहा नको. एवढं केलं तरी पुष्कळ झालं. पण हॉस्टेलच्या रूममध्ये एकाच टेबलावर आपण जेवतो, वाचतो, आणि परीक्षेच्या दिवसांत झोपतोसुद्धा! म्हणून माझं मत : रूमवर शिशाची पेस्ट नको. लॅबमध्ये करा.

मग घ्यायची कुठली? मुख्य प्रकार तीन.

पहिली जुनी जाणती, ६३ टक्के कथील आणि ३७ टक्के शिसं. कथील २३२ अंशांना वितळतं, शिसं ३२७ ला, आणि दोन्ही या प्रमाणात मिसळले की मिश्रण १८३ लाच वितळतं. हे आपण युटेक्टिक म्हणून पाठ केलेलं असतं, इथे ते डोळ्यांनी दिसतं. चुका पोटात घालणारी पेस्ट, शिकायला सोपी. तोटा शिशाचाच.

दुसरी बिनशिशाची, ९६.५ टक्के कथील, ३ टक्के चांदी, ०.५ टक्के तांबं. वितळते २१७ ते २२० च्या दरम्यान, म्हणजे बोर्ड २४० च्या आसपास न्यावा लागतो. आपल्या जुगाडी हीटरवर एक कोपरा शिजतो आणि दुसरा करपतो. पण कारखान्यांमधून आज मुख्यतः हिचंच राज्य आहे. युरोपीय संघाने १ जुलै २००६ पासून इलेक्ट्रॉनिक उपकरणांत शिशावर ०.१ टक्क्याची मर्यादा घातली. आपल्याकडे ती २०११ च्या ई-कचरा नियमांनी आली आणि ते नियम १ मे २०१२ पासून लागू झाले. आपला छंदाचा बोर्ड त्या नियमांत येत नाही हे खरं. पण उद्या नोकरीला लागाल तिथे हीच पेस्ट भेटेल, तेव्हा एकदा तरी हात बसवून घ्या.

तिसरी ४२ टक्के कथील आणि ५८ टक्के बिस्मथ. १३८ अंशांना वितळते. हॉस्टेलवरच्या उलट्या इस्त्रीवरसुद्धा होते (ती इस्त्री मग पुन्हा शर्टाला लावायची नाही, आणि मेसचा तवा तर मुळीच पळवायचा नाही). शिसं नाही, कमी उष्णता लागते, नाजूक सेन्सर वाचतात. पण सांधा ठिसूळ असतो. खाली पडणाऱ्या, हादरे खाणाऱ्या किंवा तापणाऱ्या बोर्डाला, म्हणजे मोटर ड्रायव्हर वगैरेला, ती नको. आणि एक मेख आहे. स्वस्तात मागवलेल्या बोर्डाच्या पॅडवर बऱ्याचदा शिशाचाच मुलामा असतो. बिस्मथ, कथील आणि शिसं एकत्र आले की त्यांच्यातला काही भाग ९६ अंशांच्या आसपासच वितळू शकतो. सांधा चहाच्या आधणाइतक्या उष्णतेला ढिला! तेव्हा ही पेस्ट वापरायची असेल तर बोर्ड मागवतानाच बिनशिशाचा मुलामा सांगा. रूमवर सराव करणाऱ्याला मी हीच पेस्ट सुचवीन.

धातू ठरला की दाणा बघायचा. लेबलवर टाइप ३, टाइप ४ असं लिहिलेलं असतं. टाइप ३ म्हणजे २५ ते ४५ मायक्रॉनचे दाणे, टाइप ४ म्हणजे २० ते ३८. स्टेन्सिलच्या सगळ्यात अरुंद भोकाच्या रुंदीत निदान पाच दाणे शेजारी-शेजारी बसावेत असा ठोकताळा आहे. टाइप ३ ला त्या हिशेबाने ०.२२५ मिलिमीटर रुंदी लागते, टाइप ४ ला ०.१९. पाय अर्ध्या मिलिमीटरवर असलेली आयसी असेल तर टाइप ४ घ्या. नुसते ०८०५ असतील तर टाइप ३ पुरे. उगाच आणखी बारीक घेऊ नका. दाणा जितका बारीक तितका पृष्ठभाग जास्त, आणि तितकी ती लवकर खराब होते.

फ्लक्स ‘नो-क्लीन’ घ्या. पाण्याने धुवायची पेस्ट जोरदार असते, पण तिचा उरलेला अंश नीट धुतला नाही तर आपल्या खाऱ्या, दमट हवेत बोर्ड गंजतो. नो-क्लीनचं नाव ‘नो-क्लीन’ असलं तरी जिथे ती नीट तापली नाही तिथे आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसलेली बरी.

शेवटी खरेदी. बाजारात मावशी बांगड्याचे कल्ले उघडून दाखवते, आपण डोळा बघतो, बोटाने दाबून बघतो. तसंच इथे. तारीख बघा. तारीख नसेल तर घेऊ नका, कितीही स्वस्त असली तरी. दुकानात ती फ्रिजमध्ये होती की उन्हातल्या काचेच्या कपाटात, ते विचारा. सिरिंजमधली पेस्ट हलक्या हाताने दाबून बघू देतील का, तेही विचारा. फ्लक्स वेगळा होऊन आधी तेलासारखा गळला तर परत द्या. कुरिअरने मागवत असाल तर एप्रिल-मे महिन्यांत शुक्रवारी ऑर्डर टाकू नका, पार्सल रविवारभर कुरिअरच्या ऑफिसात भाजत पडतं. एक-दोन दिवस बाहेर राहिल्याने पेस्टचा जीव जात नाही, पण आठवडाभर नको. आणि दहा ग्रॅमच्या वर घेऊ नका.

काही सीनियर म्हणतील, “आम्ही तारीख उलटून वर्ष झालेली वापरली, काही झालं नाही.” मान्य. बऱ्याचदा चालते. थोडा ताजा फ्लक्स मिसळला की सरावापुरती चालूनही जाते. शिळा बांगडाही कधीकधी पचतोच. पण पाहुण्यांना आपण तो वाढत नाही, तसा सबमिशनच्या बोर्डालाही लावू नये.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे : “पेस्ट हवीच कशाला?” खरं सांगतो, दहातल्या आठ बोर्डांना नको. बारीक टोकाचं आयर्न, पातळ तार आणि ती काकांची डबी (इलेक्ट्रॉनिक्सच्या कामाची, नळाची नव्हे) एवढ्यावर ०८०५ आरामात बसतात. पोटाखाली पॅड असलेली आयसी असेल किंवा एकसारखे बरेच बोर्ड करायचे असतील तरच पेस्ट आणा.

तर आता माझी मागणी, विभागाच्या सरांकडे आणि आपल्या सगळ्यांकडेही.

आपल्या लॅबमध्ये एक छोटा फ्रिज असावा. सेकंडहँड चालेल. त्यावर मोठ्या अक्षरांत लिहावं, ‘खाण्याचे पदार्थ ठेवू नयेत’. शेजारी एक वही असावी : पेस्ट कधी आली, कधी उघडली, कोणी नेली. सेमिस्टरच्या सुरुवातीला सगळ्या ग्रुपनी मिळून एकच दहा ग्रॅमची सिरिंज मागवावी. सहा ग्रुप, प्रत्येकी दोन-तीन बोर्ड, बोर्डामागे ०.३ ग्रॅम, म्हणजे साडेपाच ग्रॅमच्या आत काम होतं. वर्गणीही चहाच्या खर्चात बसेल. पेस्ट पुसलेले बोळे आणि उरलेला माल यासाठी झाकणाचा वेगळा डबा ठेवावा. तो हॉस्टेलच्या कचऱ्यात जाऊ नये, बेसिनमध्ये तर नाहीच. फ्रिजला पैसे नाहीत असं उत्तर आलं तर खोलीच्या तापमानाला टिकणाऱ्या पेस्टही आता मिळतात, थोड्या महाग असतात, त्या आणू. पण काहीतरी करू.

कारण आज काय चाललंय ते आपल्याला ठाऊक आहे. प्रत्येक मजल्यावर कोणाच्या तरी कपाटात, कपड्यांच्या घडीखाली, अशी एक अर्धी वाळलेली डबी आहे, आणि एखादी अजूनही मेसच्या फ्रिजमध्ये वर्तमानपत्रात गुंडाळलेली असेल. माझी बरणी मी लॅबमध्ये सरांच्या ताब्यात दिली आहे, ४९० ग्रॅम तरी भरेल. ज्याची मेसच्या फ्रिजमध्ये असेल त्याने ती आजच काढावी आणि तो कप्पा साबणाने पुसून घ्यावा. मावशींना विचारून पुसा, फ्रिज त्यांचा आहे.

— तृतीय वर्ष, इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशन